आधी निदान, मग औषध; कुंडीतल्या झाडालाही

पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी चार वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून कागदी लिंबाचे रोप आणले होते. गॅलरीतल्या मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत ते कमरेएवढे झाले. गेल्या भाद्रपदात त्याची पाने पिवळी पडू लागली. आजींना वाटले, पाणी कमी पडते आहे. त्यांनी रोजच्या एका तांब्याचे दोन तांबे केले. आठ दिवसांत पाने आणखी पिवळी झाली आणि झाडाने मान टाकली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खत कमी पडतंय." मग मूठभर युरिया पडला. पंधरा दिवसांत निम्मी पाने गळाली. शेवटी ओळखीच्या दुकानातून 'सगळ्या किडींवर चालतं' असे सांगून दिलेले औषध आले, तेही लेबल नसलेल्या बाटलीत. आजींनी ते अंदाजाने पाण्यात कालवले आणि पावसाची झड येते म्हणून काचा लावून घेतलेल्या गॅलरीत, नाकाला पदर लावून फवारले.

संध्याकाळी सून कामावरून आली तेव्हा घरभर वास होता आणि आजी डोके धरून बसल्या होत्या.

"आई, औषध मारलंत ते कशावर? कीड दिसली होती का?"

"दिसली नाही गं. पण असणारच. नाहीतर पानं उगीच कशी पिवळी पडतील?"

रविवारी सुनेचे वडील आले. त्यांची सारी नोकरी कृषी खात्यात झालेली. त्यांनी पाने बघितली, पण लगेच बोट मातीत खुपसले. मग कुंडी आडवी केली आणि झाड मातीच्या गड्ड्यासकट बाहेर काढले. मुळे तपकिरी झाली होती, चिमटीत धरून ओढली तर साल हातात येत होती आणि मातीला गटारासारखा वास येत होता. कुंडीचे भोक मातीने बुजले होते. खालच्या ताटलीत पाणी साचले होते.

"विहीणबाई, याला कीड नाही लागलेली," ते म्हणाले. "हे बुडालंय."

बुडणाऱ्या झाडाला आणखी पाणी, मुळे कुजलेल्या झाडाला जहाल खत आणि कीड नसलेल्या झाडाला कीटकनाशक, असे तीन उपचार झाले होते. तिन्ही मायेने केलेले होते आणि तिन्ही चुकीचे होते. घरातली बहुतेक झाडे अशीच जातात. रोगाने मरणाऱ्या झाडांपेक्षा निदानाआधी केलेल्या उपचारांनी मरणारी झाडे जास्त असतात. आणि उपचार विषारी असेल, तर त्याचा फटका झाडापुरता राहत नाही.

विचारपूस आणि तपासणी

रुग्ण 'अशक्तपणा वाटतो' म्हणाला म्हणून कोणी लगेच सलाईन लावत नाही. कधीपासून, कशानंतर, आणखी काय होते, हे आधी विचारले जाते. झाड बोलत नाही, पण त्याच्या घरच्यांना ही उत्तरे देता येतात. त्रास कधी सुरू झाला? त्याआधी काय बदलले? कुंडी बदलली, जागा बदलली, खत घातले, शेजारी एसीचे यंत्र बसले, ऋतू पालटला? एकच झाड आजारी आहे की सगळी? शेजारशेजारच्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांना एकाच आठवड्यात त्रास सुरू झाला, तर कारण बहुधा पाणी, ऊन किंवा फवारणी यांपैकी असते. एकाच झाडावर सुरू होऊन हळूहळू शेजारी पसरत गेले, तर कीड किंवा रोगाचा संशय घ्यावा.

मग तपासणी. ती खालून वर करावी. बोट मातीत दोन पेरे आत घालावे. वरची माती कोरडी आणि आतली चिखल, असे पुष्कळदा असते. कुंडी लहान असेल तर उचलून पाहावी. कोरडी कुंडी किती हलकी लागते हे दोन-तीनदा उचलले की हाताला कळते. तळाचे भोक मोकळे आहे ना, ते काडीने तपासावे. मग खोड आणि फांद्यांचे बेचके पाहावे, कारण पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तिथे दडते. शेवटी पान उलटून त्याची खालची बाजू पाहावी. बारीक दिसत नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून तो मोठा करून पाहता येतो. एवढ्याला पाच मिनिटे लागतात आणि निम्म्याहून अधिक तक्रारींचे उत्तर इथेच मिळते.

तहान आणि बुडणे सारखेच दिसते

कुंडीतल्या झाडाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे जास्तीचे पाणी. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते आणि तिच्यातला ऑक्सिजन मुळे घेतात. ती पोकळी पाण्याने भरली की ऑक्सिजनचा पुरवठा जवळपास थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात. मग पिथियम, फायटोफ्थोरा यांसारखे ओलाव्यात वाढणारे रोगजंतू त्यांच्यावर बसतात आणि मुळे कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून पाण्यात उभे असलेले झाडही तहानेने कोमेजते. पाहणारा फक्त कोमेजलेले पान बघतो आणि आणखी पाणी घालतो.

फरक मातीवरून कळतो. माती कोरडी, कुंडी हलकी आणि झाड कोमेजलेले असेल, तर ती तहान आहे. पाणी घातल्यावर ते काही तासांत ताठ होते. माती ओली असून झाड कोमेजलेले असेल, तर मुळांचा त्रास आहे असे समजून पाणी थांबवावे.

पावसाळ्यात हा त्रास वाढतो. ढगाळ, दमट हवेत पानांतून बाष्प कमी जाते आणि झाडाची गरज निम्म्यावर येते, पण हाताची सवय एप्रिल-मे महिन्यातली असते. तुळशीचे असेच होते. रोज आंघोळ झाली की लोटीभर पाणी घालण्याचा नेम श्रावणातही चालतो आणि वृंदावनातली तुळस काळी पडून वाळते. नेम मोडायची गरज नाही. पावसाळ्यात पळीभर पाण्यानेही तो पुरा होतो.

मुळे कुजू लागली असतील तर झाड बाहेर काढावे आणि ओली माती झटकावी. मऊ, तपकिरी मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावी. पांढरी किंवा फिकट, टणक मुळे ठेवावी. उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे बहुधा आधीपेक्षा लहान कुंडी घ्यावी. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, असे समान भाग चालतात. घाटावरची निव्वळ काळी माती कुंडीत वापरू नये. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की दगडासारखी होऊन कडेने भेगा पडतात. मग पाणी त्या भेगांतून थेट खाली जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा सुधारतो, हाही गैरसमज आहे. बारीक मातीतले पाणी भिजेपर्यंत खडीत उतरत नाही, त्यामुळे ओलीचा थर उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी पुरे. मुळे जेवढी कमी झाली त्या मानाने फांद्याही छाटाव्या, झाड उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावे आणि नवी पालवी फुटेपर्यंत खताला हात लावू नये. आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पुरणपोळी वाढत नाहीत, तसेच हे.

पिवळे पान, पण कोणते?

'पाने पिवळी पडली' हे 'ताप आला' म्हणण्यासारखे आहे. ते लक्षण आहे, निदान नाही. पहिला प्रश्न हा की पिवळी पडलेली पाने जुनी आहेत की नवी. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाला जुन्या पानांतून काढून नव्यांकडे पाठवता येते, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह आणि जस्त असे सहज हलवता येत नाही, म्हणून ती कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

खालची पाने सगळीकडून फिकट होत असतील आणि वाढ थांबली असेल, तर नत्र कमी आहे. लिंबाचे जुने पान कडेने पिवळे होऊन देठाजवळ हिरवा त्रिकोण उरत असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. नवे पान पिवळे आणि त्याच्या शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या असतील, तर लोह कमी आहे. नवी पाने बारीक, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळे डाग असलेली येत असतील, तर जस्त कमी आहे. शेंड्याची पाने हिरवी असून तळाचे एखाददुसरे पान पिवळे होऊन गळत असेल, तर त्याचे वय झाले आहे. तिथे काहीच करायचे नाही.

लोहासाठी कुंडीत गंजका खिळा पुरण्याची पद्धत घरोघरी आहे. तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण मातीत लोह सहसा भरपूर असते. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी झाली की ते लोह झाडाला घेता येत नाही. मुळे गुदमरलेली असली तरीही तेच होते. रक्तक्षयाच्या रुग्णाला लोहाच्या गोळ्या देताना रक्त कुठे जाते आहे किंवा आतडे लोह का शोषत नाही, हे शोधावे लागते. इथेही तसेच आहे. आधी निचरा सुधारावा, शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरावे आणि तरीही गरज पडली तर चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात द्यावे.

पानांची टोके आणि कडा करपत असतील आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसत असतील, तर जड पाण्यातले आणि खतातले क्षार साचले आहेत. अशा वेळी ताटली काढून कुंडीत सावकाश भरपूर पाणी ओतावे, ते खालून वाहून जाऊ द्यावे आणि असे तीन-चारदा करावे. करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. नवे पान कसे येते ते पाहावे. घरात ठेवलेले झाड उंच, किडकिडीत होऊन खिडकीकडे झुकत असेल, तर त्याला औषध नको, उजेड हवा. त्याला एकदम दुपारच्या उन्हात ठेवले तर पानांवर पांढरट, भाजल्यासारखे चट्टे पडतात, म्हणून आठ-दहा दिवसांत हळूहळू उन्हाकडे सरकवावे.

कीड असेल तर ती दिसते

कीड आहे म्हणायला कीड, तिची अंडी, विष्ठा किंवा खाल्ल्याची खूण दिसली पाहिजे. लिंबावरच्या खुणा ओळखायला सोप्या आहेत. कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघ आणि पान मुरडलेले, ही पाने पोखरणारी नागअळी. ती पानाच्या आत असल्याने वरून फवारलेले बहुतेक तिच्यापर्यंत पोचत नाही. फार मुरडलेली पाने खुडावी. मोठे झाड एवढ्याने मरत नाही. पानांच्या कडा कुरतडलेल्या आणि पानावर पक्ष्याच्या शिटेसारखे काही बसलेले दिसले, तर ती लिंबावर अंडी घालणाऱ्या फुलपाखराची अळी. मोठी झाली की ती हिरवी होते आणि डिवचले की डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र वास सोडते. अशा चार-पाच अळ्या लहान झाड आठवड्यात बोडके करतात. हाताने वेचणे हाच उत्तम उपाय.

पाने चिकट लागत असतील, त्यांच्यावर काजळी धरली असेल आणि खोडावरून मुंग्यांची रांग असेल, तर रस शोषणारी कीड शोधावी. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि पांढरी माशी रस पिऊन गोड चिकटा सोडतात. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, आणि चिकट्यासाठी मुंग्या या किडींची राखण करतात. काजळी पुसून उपयोग नाही, मुंग्या मारूनही नाही. चिकटा सोडणारी कीड गेली पाहिजे. पिठ्या ढेकणावर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावावे. मावा पाण्याच्या धारेने जातो. पसारा जास्त असेल तर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवरूप साबणाचे काही थेंब चांगले ढवळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे. आधी एका फांदीवर करून दोन दिवस पाहावे. तहानलेल्या किंवा उन्हाने तापलेल्या झाडावर फवारू नये. अंडी एका फवारणीने मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीनदा फवारावे. प्रतिजैविकाचा कोर्स अर्धवट सोडणारे घर इथेही पहिल्याच फवारणीनंतर थांबते आणि मग 'औषध लागू पडत नाही' म्हणते.

उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली झिरझिरीत जाळी आली, तर पांढऱ्या कागदावर पान झटकावे. ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. त्याला आठ पाय असतात. तो कीटक नव्हे. पुष्कळ कीटकनाशके त्याला मारत नाहीत, पण त्याला खाणारे मित्रकीटक मारतात आणि कोळी आणखी वाढतो. दर तीन-चार दिवसांनी पानांखाली पाण्याची जोरदार धार मारली की तो आटोक्यात येतो.

लिंबाच्या पानांवर, काटक्यांवर आणि फळांवर खरबरीत, उठावदार तपकिरी डाग आणि पानावरच्या डागांभोवती पिवळे वलय दिसले, तर तो खैऱ्या रोग. तो जिवाणूंमुळे होतो आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतो. त्यावर कीटकनाशकाचा काही उपयोग नाही. कोरड्या दिवशी रोगट फांद्या छाटून टाकाव्या, कात्री दर कापानंतर स्पिरिटने पुसावी आणि पाणी पानांवर न घालता मातीत घालावे. गरज पडली तर ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलावरच्या प्रमाणात चालते.

फळ का धरत नाही?

कुंडीतल्या फळझाडाबद्दलची ही नेहमीची तक्रार. आधी ऊन मोजावे. लिंबू, पेरू, डाळिंब, अंजीर यांना दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागते. दोन तास उन्हाच्या गॅलरीत झाड जगते, फळत नाही. मग वय पाहावे. बियांपासून केलेले लिंबू फळायला चार ते सहा वर्षे किंवा अधिकही घेते, कलम लवकर फळते. पाने गर्द आणि फुले नाहीत, असे असेल तर नत्र जास्त झाले आहे. फुले गळतात म्हणून घाबरू नये. लिंबाच्या बहुसंख्य फुलांचे फळ होतच नाही. डाळिंबात घंटेच्या आकाराची नर फुले गळणारच. बुडाशी फुगीर, सुरईच्या आकाराची फुलेच फळतात. डाळिंब तडकते ते बहुधा पाण्याच्या अनियमिततेने: आठ दिवस कोरडे आणि मग एकदम बादलीभर. आणि पाच वर्षे एकाच कुंडीत असलेल्या झाडाची मुळे कडेने गोल फिरून गड्डा घट्ट झालेला असतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेरची मुळे थोडी छाटून नव्या मातीत लावले की झाड पुन्हा वाढीला लागते.

उरलेली बाटली

आजींच्या गॅलरीतली गोष्ट इथे संपली असती, तर नुकसान एका झाडापुरते राहिले असते. व्याही कुंडी आवरत होते तेव्हा मातीच्या पिशवीमागे त्यांना शीतपेयाची बाटली दिसली. तळाशी दुधासारखे पांढरे पाणी. कालवलेले औषध उरले म्हणून आजींनी ते भरून ठेवले होते. त्याच गॅलरीत पाच वर्षांचा नातू सायकल चालवायचा. त्या बाटलीचे बूच त्याच्या हाताला सहज उघडण्यासारखे होते.

सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागाला अशा बाटल्या ओळखीच्या आहेत. शेतीत वापरली जाणारी अनेक कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. शरीरात मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो थांबवणारे एक विकर असते. ही विषे ते विकर बंद पाडतात. तोंडाला फेस, घाम, उलट्या, जुलाब, टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास बंद, असा क्रम असू शकतो. हे विष गिळूनच भिनते असे नाही, ते कातडीतून आणि श्वासातूनही जाते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि अनेकांचा जीव गेला. ते उघड्या शेतात होते. बंद गॅलरीत नाकाला लावलेला पदर काहीच अडवत नाही. आजींचे डोके त्या संध्याकाळी दुखले आणि रात्रीत उतरले, हे त्यांचे नशीब.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची. लिंबाशेजारी कढीपत्ता, पुदिना, गवती चहा आणि तुळस असते. काही कीटकनाशके आंतरप्रवाही असतात. मुळांतून किंवा पानांतून ती झाडाच्या रसात जातात. असे पान कितीही धुतले तरी ते विष निघत नाही. फोडणीत किंवा काढ्यात जाणाऱ्या पानांजवळ अशी फवारणी करूच नये.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार लेबलाशिवाय कीटकनाशक विकता येत नाही. सुटे औषध घेऊ नये. लेबलावरच्या चौकोनी चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग पाहावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम. लाल आणि पिवळ्याचे घरात काम नाही. कोणतेही औषध खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही ओतू नये.

तरीही अपघात झालाच, तर अंगावरचे कपडे काढून कातडी साबण-पाण्याने भरपूर धुवावी. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. कीटकनाशकातला द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात जाऊ शकतो. दूध, ताक, लिंबू यांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करावा आणि बाटली रुग्णासोबत न्यावी. कोणते विष आहे हे कळले की योग्य उतारा लवकर सुरू करता येतो. लक्षणे दिसत नाहीत म्हणून घरी थांबू नये.

ताटलीतले पाणी, हातातला काटा

कुंडीखालची ताटली झाडाची मुळे कुजवते आणि डेंग्यूचा डासही वाढवते. एडिस इजिप्ती डासाला असे थोडेसे स्वच्छ पाणी पुरते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने तग धरतात. म्हणून ताटली नुसती उपडी करून भागत नाही. आठवड्यातून एकदा काथ्याने घासावी. बाटलीत पाण्यावर वाढवलेल्या मनी प्लांटचे पाणीही आठवड्याला बदलावे. मातीत काम करताना, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांनी, हातमोजे घालावे. लिंबाचा काटा खोल रुतला आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल, तर दवाखान्यात जाऊन यावे.

आजींच्या लिंबाचे पुढे काय झाले? दोन-तृतीयांश मुळे कापावी लागली. झाड मातीच्या, निम्म्या आकाराच्या कुंडीत गेले, फांद्या छाटल्यावर ते हातभर उरले. व्याह्यांनी कोणतेही औषध दिले नाही. दिवाळीपर्यंत ते काडीसारखे उभे होते आणि ते जगेल असे घरात कोणालाच वाटत नव्हते. आजी मात्र रोज सकाळी तांब्या खाली ठेवून आधी मातीत बोट घालत आणि ओल लागली की तशाच परत जात. माघाच्या शेवटी खोडावर तीन ठिकाणी हिरवे कोंब दिसले. आता त्यावर वीतभर पालवी आहे. फळाला अजून दोन वर्षे तरी लागतील. शीतपेयाची ती बाटली त्याच रविवारी गॅलरीतून गेली.